दहा पावलांचं अंतर

"तुम्ही कधीपासून हरवलाय?"

पोलीस ठाण्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या मुलानं हे इतक्या सहज विचारलं, की जणू पुढची एसटी किती वाजता आहे तेच विचारतोय. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

"दोन तारखेपासून," मी म्हणाले. "तुम्ही?"

"एकतीस मे. म्हणजे मी सीनियर." तो किंचित वाकला. "वडील तीन वर्षं मागे लागले होते, पोलिसात जा, पोलिसात जा. भरतीला दोनदा पळालो, दोनदा नापास. तिसऱ्यांदा घरातूनच पळालो… तर शेवटी पोलिसात आणलंच त्यांनी!"

आणि मी हसले. चांगली मोठ्यानं, खळखळून हसले. चार दिवसांत पहिल्यांदाच.

नेमके त्याच वेळी आबा दारात उभे होते.

आबा म्हणजे माझे वडील, जानू. बेडश्याच्या लेण्यांच्या वरच्या अंगाला आमची ठाकरांची वाडी आहे, जेमतेम सोळा घरं. मी तेजल, त्या वाडीतली बारावी झालेली पहिली मुलगी. शाळेत गुरुजींनी वाडीतल्या सगळ्या पोरांचा वाढदिवस एक जून लिहून टाकलाय, त्यामुळे त्या एक जूनला मी आणि वाडीतली सगळी पोरं एकदमच मोठी झालो. मला एकोणीस पूर्ण झाली. त्याच आठवड्यात लोणावळ्याच्या एका हॉटेलात, धुलाई विभागात, मला काम मिळालं होतं. शिकवणारे होते, पगार होता. पण सुटायची वेळ रात्री आठची, आणि आमच्याकडे येणारी शेवटची गाडी पाचची. म्हणजे तिथंच राहायला हवं.

आबांचं उत्तर ठरलेलं होतं. "लग्नाआधी पोरीनं दुसऱ्या छपराखाली निजायचं न्हाई." आमच्यात हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलेलंही नाही.

मी मोडलं. दोन जूनच्या सकाळी साखरेच्या डब्याखाली सविस्तर चिठ्ठी ठेवली, काम काय, हॉटेल कुठलं, खोलीत सोबत कोण, सगळं. आणि निघाले. आता माझं शहाणपण बघा. घरात वाचणारा एकच, माझा मोठा चुलतभाऊ गौरव, आणि तो नेमका चार दिवस सासुरवाडीला. चिठ्ठी हाती लागली आणि आईनं ती रेशनचा कागद समजून नीट घडी घालून ट्रंकेत ठेवली! तीन दिवस रान, ओढा, विहिरी शोधून आबा शेवटी ठाण्यात आले आणि मुलगी हरवल्याची तक्रार देऊन गेले. तिथल्या माणसांनी दुसऱ्याच दिवशी मला शोधून काढलं. आबांच्या उजव्या अंगठ्याला अजून निळी शाई होती.

ते दारातून माझ्याकडे बघत होते, मग त्या मुलाकडे. हवालदार श्रीपतींनी भर घातली. "दोघं लोणावळ्यातच सापडले हो, एकाच दिवशी."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. पण ते आबांना सांगणार कोण?

"आबा, मी ह्येला वळखत पण न्हाई…"

"हसत व्हतीस त्याच्यासंगं."

"आबा, खरंच…"

"व्हय, व्हय," आबा म्हणाले, आणि भिंतीकडे बघायला लागले.

ठाण्यातल्या फौजदार सुषमा मॅडमनी मला आत बोलावलं. शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, जबाब लिहून घेतला. मी सज्ञान असून, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या मर्जीने घर सोडले आहे. लोणावळा येथे नोकरी करून राहत आहे. आईवडिलांविषयी माझी तक्रार नाही.

"अजून एक ओळ लिहा ना," मी म्हणाले. "कुठल्याही मुलासाठी घर सोडलेलं नाही."

"त्याची गरज नसते गं."

"कायद्याला नसेल. मला आहे."

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं. मी सही केली.

मग त्यांनी आबांना समजावलं. "काका, मुलगी एकोणीस वर्षांची आहे. कुठं राहायचं ते आता ती ठरवणार. कायदा तसंच म्हणतो."

आबा अंगठ्यावरची शाई सदऱ्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "कायद्याला पोर हाय का वं?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. आबा पायऱ्या उतरून गेले. मी हाक मारली, पण ते वळले नाहीत. हरवलेली मुलगी सापडली म्हणून फाईल बंद झाली. आबांच्या लेखी मात्र मी त्या दिवशी हरवले.

* * *

माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर. दूध उतू जाईल म्हणून मी चूल पेटवायच्या आधीच फडकं हातात धरते. लोणावळ्यात तर विचारूच नका. मशीनमधून चादरी काढायच्या, इस्त्रीच्या रोलरमधून सोडायच्या, दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. हात चालायचे आणि डोकं वाडीवर असायचं. आबा जेवले असतील का? आई रडत असेल का? कामावरच्या माझ्या सोबतिणीच्या, पिंकीच्या, खोलीत आम्ही दोघी राहायचो. फोन वाजला की मी दचकायचे, नाही वाजला की दर दहा मिनिटांनी काढून बघायचे.

तीनेक आठवड्यांनी हॉटेलच्या मागच्या दाराशी एक टेम्पो थांबला. फुलांच्या बादल्या उतरवणारा मुलगा माझ्याकडे बघून थबकला.

"सापडलात… का अजून हरवलेल्याच?"

तोच. उमेश त्याचं नाव. घर वडगावात, वडील सरकारी नोकरीत, आणि हा पवनेच्या बाजूला एका पॉलीहाऊसमध्ये गुलाब वाढवायला शिकत होता.

"भरती सोडून फुलं?" मी म्हणाले.

"इथं पळावं लागत नाही," तो म्हणाला, आणि बादलीतून एक गुलाब काढून माझ्या चादरींच्या ढिगावर ठेवला. "घ्या. रिजेक्ट आहे."

"रिजेक्ट?"

"मान वाकडी आहे. परदेशात सरळ मानेची लागतात. ही बघा, कशी तुमच्यासारखी खाली बघतेय."

मी झटकन मान वर केली. तो हसत होता. डाव्या गालावर खळी, आणि दोन्ही हातांवर काट्यांचे बारीक बारीक ओरखडे… मी हे सगळं बघतेय हे लक्षात आलं, तशी मी चादर तोंडापुढे धरली. ती ओली होती.

त्यानंतर मंगळवार आणि शुक्रवार हे वार मला आवडायला लागले. फुलं त्याच दिवशी यायची. आणि आवडायला लागले तसतशी माझी झोप उडाली. कारण लोणावळा ते केवढं! आमच्या बाजूची माणसं करवंदं, रानभाज्या विकायला येतात, हॉटेलांत भांडी घासतात. एकानं जरी मला उमेशबरोबर पाहिलं, तरी संध्याकाळच्या आत वाडीवर बातमी. मग आबा म्हणणार, बघा, मी म्हणालो नव्हतो? माझ्या जबाबातली ती एक ओळ, मी भांडून लिहून घेतलेली, खोटी ठरणार. पोरगी स्वतःसाठी घर सोडते हे तसंही कुणाला पटत नाही. मला ते आबांना पटवायचं होतं. फक्त आबांना.

"मग मी काय करू?" उमेशनं विचारलं, एकदा माझी शिफ्ट सुटल्यावर.

"दहा पावलं लांब चाला."

"बोलायचं कसं?"

मी पगारातून घेतलेला मोबाईल दाखवला.

असं आमचं सुरू झालं. हॉटेल ते खोली वीस मिनिटांचा रस्ता. पुढे मी, दहा पावलं मागे उमेश, आणि दोघांचेही फोन कानाला. धुकं उतरलेलं असलं की मागे तो दिसायचा नाही, फक्त कानात आवाज असायचा.

"तुझी वेणी सुटत आलीय."

"माझ्याकडे बघू नको म्हटलंय ना!"

"तुझ्याकडे कुठं? मी तर पुढे बघतोय."

मी हसू दाबायचे. ठाण्यातल्या त्या हसण्यापासून मी हसण्याच्या बाबतीत फार जपून होते. आपण एकाच गल्लीत चालतोय आणि फोनवर बोलतोय, हे आठवलं की दोघांनाही खुळ्यासारखं वाटायचं. पण अंतर तेवढंच राहायचं. ते त्यानं एकदाही मोडलं नाही. कदाचित त्यामुळेच… असो.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी त्यानं चालता चालता फोनमध्ये घसा खाकरला. मग म्हणाला, "तेजल, मला तू आवडतेस. वाकड्या मानेसकट."

माझे पाय थांबले. मागे त्याचेही थांबले असणार.

"असं नको म्हणू."

"का? मी आवडत नाही?"

"माझा जबाब खोटा ठरेल."

"जबाब जूनचा आहे. आत्ता सप्टेंबर आहे."

"आबांना तारखा कळत नाहीत, उमेश."

मी चालायला लागले. थोड्या वेळानं कानात आला तो फक्त त्याचा श्वास, आणि मग, "ठीक आहे. दहा तर दहा." मी रडत होते हे त्याला मागून दिसलं नाही, एवढे त्या धुक्याचे उपकार.

* * *

ऑक्टोबरच्या शेवटी पिंकीनं सांगितलं की तिचा भाऊ-भावजय राहायला येणार, मला दुसरी खोली बघावी लागेल. आठ दिवस होते. एकट्या मुलीला खोली म्हटलं की माणसं आधी माझ्याकडे बघायची, मग माझ्या मागे कोण आहे ते बघायची. मागे कुणीच नसायचं. मग खोली गेलेली असायची. सातव्या घरी उज्ज्वला मावशी भेटल्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, बोलायला फटकळ.

"खोली देते. अकरा महिन्यांचा भाडेकरार, रीतसर नोंदवलेला. दोन साक्षीदार लागतात. त्यातला एक घरचा पाहिजे."

"मावशी, मी सज्ञान आहे. कायद्यानं…"

"कायद्याचं मला शिकवू नको. सही तुझीच चालेल. पण उद्या तुला ताप आला तर मी कायद्याला फोन करू का? घरचं एक माणूस या दारातून आत आलेलं मला बघायचंय. शनिवारी अकराला. नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे."

शनिवार तीन दिवसांवर. खोली नाही मिळाली, तर परत वाडीवर. म्हणजे काम सुटलं, आणि आबांचं छप्पर बरोबर ठरलं.

मी गौरवला फोन लावला. त्यानं आईकडे दिला. पाच महिन्यांत आईचा आवाज मी तीनदाच ऐकला होता.

"भात कापणीला आलंय गं," ती हळूच म्हणाली. "त्यास्नी येळ न्हाई. अन् तुजं नाव काडलं की उटून जात्यात… पन सांगते. बगू."

दुसरी साक्षीदार म्हणून पिंकी तयार झाली. उमेश म्हणाला, "मी येऊ?"

"आबा आलेच, आणि त्यांनी तुला पाहिलं, तर…"

"मग मी रस्त्यावर थांबतो. दहा पावलं लांब. फोन चालू ठेव फक्त."

शनिवारी अकरा वाजता त्या भाड्याच्या खोलीत करार नोंदवणारा एजंट संदेश आला, लॅपटॉप आणि बोट ठेवायचं छोटं यंत्र घेऊन. उज्ज्वला मावशींनी अंगठा ठेवला, हिरवा दिवा लागला. मी ठेवला, हिरवा. मग आम्ही बसून राहिलो. साडेअकरा झाले. पावणेबारा. संदेशनं दोनदा घड्याळ बघितलं. मी खिडकीशी जाऊन फोनमध्ये कुजबुजले, "नाही येणार ते."

"थांब गं. एसटीचं काय सांगावं."

बाराला संदेश लॅपटॉप मिटायला लागला. पिंकीनं माझा हात धरला. आणि दाराशी खोकल्याचा आवाज आला.

आबा उभे होते. सदऱ्याला भाताची कुसळं, खांद्यावर गाठोडं. उंबऱ्याच्या बाहेरच चपला काढून ते आत आले, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी फोन तसाच हातात धरून उभी राहिले. बंद करायचं सुचलंच नाही.

"कुटं सही करायची?" त्यांनी संदेशला विचारलं. "मला लिवता येत न्हाई. अंगठा हाय."

"काका, इथं सगळ्यांचाच अंगठा. डॉक्टर असो की वकील."

"समदेच अंगठेबहाद्दर?" आबांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. त्यांनी अंगठा यंत्रावर ठेवला.

लाल दिवा.

पुन्हा. लाल. सदऱ्याला पुसून पुन्हा. लाल. डावा अंगठा. लाल. विळा, भाताच्या काड्या, आयुष्यभराची दगडमाती… रेषा राहिल्या होत्याच कुठे? पाचव्यांदा लाल दिवा लागला तेव्हा आबांनी हात मागे घेतला. ते यंत्राकडे बघत होते.

"ठाण्यात शाईनं चालला व्हता," ते म्हणाले. "हितं चालंना. म्हंजी मी हिचा कोनच न्हाई व्हय?"

माझ्या हातातल्या फोनमधून बारीक आवाज आला. मी तो कानाला लावला.

"तेजल, करंगळी लावायला सांग. आधी कोमट पाण्यात बोटं बुडवायची, पुसायची, मग करंगळी. माझाही अंगठा कुठंच लागत नाही, काट्यांनी रेषा गेल्यात. सांग त्यांना… मी बोलतोय हे नको सांगूस."

सोपं होतं. माझ्याच डोक्यातून आलंय असं म्हणायचं, की झालं. खोली मिळणार, आबा परत जाणार, पिंकी साक्षीदार, आणि कुणाला काही कळणार नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर तो जबाब होता. त्यातली ओळ न् ओळ खरी होती. आज पहिल्यांदा मी आबांना फसवणार होते, आणि तेही ती ओळ वाचवण्यासाठी.

"तूच ये," मी फोनमध्ये म्हणाले. "आत ये, उमेश. तूच सांग त्यांना."

तो आला. आबांनी त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ.

"ह्यो त्योच ना? बाकड्यावरचा?"

"व्हय आबा, त्योच." मी आबांच्या समोर जाऊन उभी राहिले. "मी घर सोडलं ते ह्येच्यासाठी न्हाई. तवा ह्यो माझा कोनी न्हवता, ते मी लिवून दिलंय आन् ते खरं हाय. आता… आता हाय. ते पण खरंच हाय."

हे मी उमेशला कधीच म्हटलं नव्हतं. त्याला ते आबांबरोबरच कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो माझ्याकडे वळला नाही. मावशींकडून वाटीत कोमट पाणी मागून तो आबांच्या पुढ्यात खाली बसला.

"आबा, हात द्या जरा."

आबांनी हात दिला नाही. मग त्यांची नजर उमेशच्या बोटांवर गेली. ओरखडे, घट्टे, काळे पडलेले काट्यांचे ठिपके. "कशानं झालं ह्ये?"

"गुलाबानं. माझाही अंगठा लागत नाही, करंगळीच लागते."

"गुलाबानं हात असं व्हत्यात व्हय?" आबा पुटपुटले, आणि हात पुढे केला.

उमेशनं एकेक बोट पाण्यात बुडवलं, रुमालानं टिपलं, आणि डावी करंगळी हलकेच यंत्रावर टेकवली. मी डोळे मिटून घेतले. संदेश म्हणाला, "आलं!"

हिरवा दिवा लागला होता. आबांची करंगळी अजून यंत्रावरच होती, काढायचं त्यांना सुचत नव्हतं.

"दुसरा साक्षीदार कोण?" संदेशनं विचारलं. पिंकी उठायला लागली, तोच आबा म्हणाले, "ह्येचं घ्या. ह्येला बी करंगळीच लागती."

कागदाचं काम संपल्यावर आबांनी गाठोडं माझ्या हातात दिलं. नवे तांदूळ होते. मग ते खोलीभर फिरले, मान वर करून पत्रा बघितला, कोपऱ्यात हातानं चाचपला. "छप्पर बरं हाय," ते म्हणाले. "गळत न्हाई न्हवं?"

"अजून पाऊस बघितला न्हाई हितं, आबा."

"मग पावसाळ्यात यीन बगाया."

एवढंच बोलून ते निघाले. उमेशनं माझ्याकडे एकदा बघितलं, काहीतरी म्हणणार होता, राहिलं, आणि तोही मागोमाग उतरला, एसटी स्टँडपर्यंत सोडायला. मी खिडकीत उभी राहिले. पुढे आबा चालले होते ताडताड. मागे उमेश, बरोबर दहा पावलं लांब. तीन-चार महिन्यांची सवय.

वळणावर आबा थांबले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझ्या हातातला फोन अजून चालूच होता. मी तो कानाला लावला. आधी चपलांचा आवाज आला, मग उमेशचा श्वास. आणि मग लांबून, पण स्पष्ट, आबांचा आवाज.

"ए पोरा, इतक्या लांबनं का चालतूस? हितं ये की जवळ."